पाच सायकली आणि एक गुडघा

३ जानेवारी, शुक्रवार

गुडघा गेला!

म्हणजे अगदी गेला नाही, निघालाय. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "इथे गादी असायला हवी. दिसतेय?" मी डोळे ताणून बघितलं. काही दिसेना. "नाहीच आहे, म्हणून दिसत नाही." विनोदी बाई आहे!

वय सत्तेचाळीस. गुडघा मात्र माझ्या आधीच सत्तरीला पोचलाय. चोवीस वर्षं डेंटल लॅबमध्ये उभ्याने लोकांच्या कवळ्या घासल्या, त्याचं हे बक्षीस. जिने कमी. उकिडवं बसणं बंद. आणि व्यायाम – पोहणं नाहीतर सायकल.

पाण्याला मी घाबरते. सायकलला घाबरत नाही, पण...

नवऱ्याला सांगितलं तर पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला, "बुडण्यापेक्षा पडणं बरं." ग्रंथपालाशी लग्न केलं की असे सुविचार फुकट मिळतात.

वहीत खरं लिहायला काय हरकत आहे? सतराव्या वर्षी, अठ्ठेचाळीस किलोमीटरच्या शर्यतीत, चाळीस झाल्यावर मी रस्त्याच्या कडेला उतरले आणि खाली बसले. दुसरी होते. पंक्चर नव्हतं, पडले नव्हते. नुसती उतरले. बाबा – स्वतः एके काळचे नावाजलेले शर्यतवीर – मागून स्कूटरवर येत होते, गळ्यात स्टॉपवॉच. त्यानंतर अकरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आणि मी तीस वर्षं सायकलला हात लावला नाही.

पुरे. झोपते.


४ जानेवारी, शनिवार

लॅबमधून सुटले ती थेट सायकलच्या दुकानात. दुकानदारांना सगळे मास्तर म्हणतात – पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. अजूनही कानाला पेन्सिल असते, बोटं मात्र काळीकुट्ट.

"सायकल हवीय."

"कशासाठी?"

"गुडघ्यासाठी."

"गुडघ्यासाठी मलम घ्या. सायकल कशासाठी?"

मग त्यांनी हाताला धरल्यासारखं दुकानभर फिरवलं. ही साधी, कामावर जायची. ही डोंगरातली, जाड टायरची. ही दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल. ही शर्यतीची – तिच्याकडे मी बघितलंच नाही. ही लांब पल्ल्याची, दोन्ही बाजूंना पिशव्या लावायच्या. म्हणाले, "चप्पल घेतानासुद्धा पायात घालून चार पावलं चालून बघता ना? मग?"

विकायला आलेल्या जुन्या सायकली ते मला एकेक आठवडा देणार. अट एकच – परत आणताना सांगायचं, मजा आली का, आणि कशात. "नुसतं 'बरी आहे' चालणार नाही."

"आणि कशातच नाही आली तर?"

"तर मलम!"

ठरलं. पाच सायकली, पाच आठवडे. मधे सोडायचं नाही. आणि बाबांना कळू द्यायचं नाही.


६ जानेवारी, सोमवार

पडले. चालवताना नाही – थांबल्यावर! पाय टेकायलाच विसरले. भाजीवाली धावत आली आणि आधी सायकल उचलली.


९ जानेवारी, गुरुवार

साधी सायकल. सरळ हँडल, पुढे टोपली, टोपलीत डबा. हिच्यावर पाठ अशी ताठ राहते की आपण मुख्याध्यापिका आहोत आणि सगळा रस्ता उशिरा आलाय असं वाटतं.

लॅबमध्ये हेल्मेट घालूनच शिरले. माझ्या शेजारी पॉलिशच्या मशीनवर बसते ती ठसकेबाज बाई म्हणाली, "ताई, कवळी घासताना कधी डोक्यावर पडली का?" दिवसभर तोच विनोद. पण संध्याकाळी तिनेच विचारलं, "मला एक फेरी द्याल?"

चौकात रोज पोस्टमनकाका भेटतात. एकतीस वर्षं सायकलवर. आज शेजारी-शेजारी थांबलो होतो तेव्हा विचारलं, "काका, कंटाळा नाही येत?" म्हणाले, "जाताना येतो. येताना थैली रिकामी असते ना, तेव्हा मी मुद्दाम लांबून जातो. बायकोला वाटतं, पत्रं जास्त होती!" आणि डोळा मारून गेले. साठीचा माणूस!


११ जानेवारी, शनिवार

मास्तरांना सायकल परत. "बरी आ–"

"चालणार नाही म्हटलं ना!"

विचार केला. म्हटलं, "चोवीस वर्षांत मला कामावर जायची घाई कधी झाली नव्हती. या आठवड्यात दोनदा झाली."

"हे चालेल." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी भिंतीवरच लिहून ठेवलं.


१९ जानेवारी, रविवार

चिखल. कानात, दातांत, मोज्यांत. आंघोळीच्या पाण्याचा रंग बघून नवरा म्हणाला, "हे झाडांना घालू का?"

मास्तरांनी मला डोंगरवाल्यांच्या टोळीत सोडलं होतं. टोळीची म्होरकी एक डॉक्टर आहे – भूल देणारी. चाळिशीची, चणीने एवढीशी. उतारावर सायकल सोडली की अशी किंचाळते की पाखरं उडतात. मी घाबरून विचारलं, "काय झालं?" तर म्हणाली, "काही नाही हो. दिवसभर मी लोकांना गप्प करते. माझी ओरडायची वेळ इथे येते."

उताराच्या तोंडाशी मी पाच मिनिटं नुसती उभी. मुळं, दगड, मधेच एक घसरडा खडक. तिने खालून ओरडून सांगितलं, "दगडाकडे बघू नका! बघाल तिकडे जाल!" मी दगडाकडे बघितलं. दगडावर गेले. तिथून करवंदाच्या जाळीत!

गुडघ्याला काही नाही. कोपर सोललं. जाळीत पाठीवर पडल्या पडल्या मला हसू फुटलं, ते थांबेचना. भूलवाली वर येऊन माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून बघायला लागली, डोक्याला लागलंय की काय म्हणून.

मग पुन्हा वर चढून तोच उतार. या वेळी दगडाकडे बघितलं नाही. खालपर्यंत! किंचाळलेसुद्धा – थोडं.


२० जानेवारी, सोमवार

कूस बदलता येत नाही.


२५ जानेवारी, शनिवार

जोडसायकल. पुढे मी, मागे नवरा.

ब्रेक माझ्याकडे, गिअर माझ्याकडे, हँडल माझ्याकडे. त्याच्याकडे फक्त पायडल आणि मतं. "डावीकडून घे." "खड्डा!" "हा खड्डा नव्हता, तो पुढचा." बावीस वर्षांचा संसार एका सायकलवर!

चढावर मला कळेना, इतकं जड का जातंय. मागे वळून बघते तर पाय अधांतरी ठेवून हा झाडं बघतोय!

"अहो, पायडल!"

"मारतोय ना."

"कधी?"

"उतारावर."

तिथेच उतरून भांडलो. एक म्हातारं जोडपं बाकावर बसलं होतं. आजी आजोबांना म्हणाल्या, "आपल्याला मिळेल का हो अशी?" भांडणाची हवाच गेली.

पण एक लिहायला हवं. येताना तो खरंच जोर लावत होता. पाठीमागून त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि माझा त्याच्या तालात मिसळला. तलावाच्या कडेने आम्ही पंधरा मिनिटं एक अक्षर बोललो नाही. घरात असे गप्प असलो की एकाचं तरी काहीतरी बिनसलेलं असतं. आज नव्हतं.

मास्तरांना सांगितलं, "मजा आली. पण रोज नको."

"लग्नाचं बोलताय की सायकलचं?"


१ फेब्रुवारी, शनिवार

आता शर्यतीची. मास्तर म्हणाले, "ही वगळली तरी चालेल." त्यांना माहीत आहे. या धंद्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहे मी कुणाची मुलगी ते.

म्हटलं, "द्या." पाच म्हणजे पाच.

संध्याकाळपासून पोटात गोळा. वेडेपणा आहे! सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, उद्या कुणी मला नंबर देणार नाहीये.


२ फेब्रुवारी, रविवार

डोक्याने विसरलं होतं, पाठीने नाही. वाकले, हात हँडलच्या खालच्या वळणावर गेले, आणि कोपरं आपोआप आत. सहा वाजता पुलापाशी 'सुसाट मंडळी' जमते, त्यांच्यामागे लागले. मला वाटलं, पाच मिनिटांत मागे पडेन. नाही पडले. वळणावर दोघांना मागे टाकलं. कसं, ते मलाच कळलं नाही. रस्ता नुसता पट्टीसारखा सरकत होता. मी काही बघितलं नाही – फक्त पुढच्याचं मागचं चाक.

मंडळींत एक वकील आहेत, वारा कमी लागावा म्हणून पायांवरचे केस काढून येतात. थांबल्यावर त्यांना विचारलं, "तुम्हाला यात मजा कधी येते?" हाच प्रश्न आता सगळ्यांना विचारते मी, सवयच लागलीय. वकीलसाहेब घाम पुसत म्हणाले, "थांबल्यावर!" सगळे हसले. ते हसले नाहीत.

मग मला निरखून म्हणाले, "तुम्ही त्यांच्या कन्या! चालवण्यावरूनच कळलं."

दुपारी बाबांचा फोन.

"ऐकलं ते खरं?"

"काय ऐकलंत?"

"वळणावर दोघांना टाकलंस."

किती वर्षांनी त्यांचा असा आवाज ऐकला! एकोणऐंशी वर्षांचा माणूस, जन्मभर कारखान्यात फिटर, एकतीस करंडकांचा धनी – आणि आवाज कसा, तर लग्न ठरल्यासारखा.


५ फेब्रुवारी, बुधवार

टाकीच्या चौकात बाबा उभे. सकाळी सहाला! मफलर, काठी, गळ्यात स्टॉपवॉच. तेच.

"दहा किलोमीटर. मी बघतो."

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

"मान खाली! कोपर आत! श्वास सोड!" प्रत्येक फेरीला ओरडत होते. चोवीस मिनिटं, दहा सेकंद. त्यांनी घड्याळ मला दाखवलं. "अजून जीव आहे पायांत," म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. मला आठवत नाही यापूर्वी कधी मारली होती.

मी टाकीच्या मागे जाऊन ओकले.

असं कसं होतं? जे मला सगळ्यात चांगलं जमतं तेच मला नको असतं. लॅबमध्ये आज खालच्या जबड्याचं मेण तीनदा बिघडवलं. मालक चष्म्यावरून बघत राहिले.


९ फेब्रुवारी, रविवार

पाचवी. लांब पल्ल्याची. जड, मागे दोन पिशव्या, आणि चढासाठी इतका हलका गिअर की पाय गरगर फिरतात आणि सायकल मुंगीच्या पावलाने पुढे जाते.

सोबतीला मास्तरांनी एक सिस्टर दिल्या. म्हणजे रुग्णालयातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्रेसष्ट वर्षांच्या. त्या एकट्या कुठे कुठे जाऊन आल्यात ते ऐकून मी गारच! पिशवीत काय काय – कपडे, पंक्चरचं सामान, उकडलेली अंडी, विणकाम. विणकाम!

पंचावन्न किलोमीटर. आयुष्यात मी शर्यत सोडून एवढं कधी चालवलं नव्हतं.

सिस्टर सुरुवातीला अजिबात बोलत नाहीत. मला वाटलं, मी आवडले नाही. सतरा-अठरा किलोमीटर झाल्यावर एकदम गोड आवाजात म्हणाल्या, "हं, आता बोला."

"आधी का नाही?"

"आधी मी मनातल्या मनात सगळ्यांशी भांडून घेते. सून, हेड मेट्रन, आमचे हे – ते वारले, तरी भांडते. सतराव्या किलोमीटरला विषय संपतात. मग मजा."

मी मोजलं. माझे विषय बत्तिसाव्याला संपले. बाबांवर सर्वांत जास्त किलोमीटर गेले.

त्यानंतर काय झालं ते नीट लिहिता येत नाही. विशेष काही झालं नाही. एका शेतात माणूस शिडीवर चढून बल्ब बदलत होता. एक कुत्रं आमच्यासोबत बरंच पळालं आणि मग काम आठवल्यासारखं वळून परत गेलं. नदीवर थांबलो, अंडी खाल्ली. उन्हात गुडघा शेकला. किती वेळ लागला हे बघायचंच राहिलं!

मास्तरांना काही सांगावं लागलं नाही. माझं तोंड बघून त्यांनीच पेन्सिल काढली.


१० फेब्रुवारी, सोमवार

तीच घेतली. हिरवी. पुढच्या चाकाला थोडा गंज आहे तो मी घासून काढेन, घासण्यात माझा हात कोण धरणार?

सिस्टर म्हणतात, ९ मार्चला मोठी फेरी आहे – एकशे वीस किलोमीटर, मधे घाट. सकाळी सहाला निघायचं, अडीचच्या आत परत. नंबर नसतो. वेळेत आलात तर यादीत नाव, नाहीतर नाही. मी नाव दिलं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "दुखलं तर उतरायचं. शूरपणा गुडघ्याला कळत नाही."


१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबा लॅबच्या खाली आले होते. वर निरोप पाठवला. मी हात प्लास्टरने पांढरे घेऊन धावत खाली. वाटलं, काही झालं की काय.

"नाव घातलंय तुझं," म्हणाले. "चाळिशीच्या वरच्या बायकांची शर्यत. ९ मार्च."

तोच रविवार.

"विचारलं नाहीत."

"विचारायचं काय त्यात? वेळ चांगली देतेयस."


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तिथे एकही आठवलं नाही.

बाबा खिडकीपाशी करंडक पुसत बसले होते. म्हटलं, "बाबा, नाव काढून घ्या."

"का? दुखतंय?"

"नाही. मला नकोय."

"जमतं तुला."

"जमतं. आणि आदल्या दिवसापासून पोटात गोळा येतो."

"तो यायचाच. सगळ्यांना येतो."

"मला तो घेऊन सायकल नाही चालवायची. मी हिरवी घेतलीय. पिशव्यांची. त्याच दिवशी एकशे वीसला चाललेय."

"नंबर किती काढतात?"

"काढत नाहीत."

"मग जायचं कशाला?" खरंच कळत नव्हतं त्यांना. मग म्हणाले, "त्याला सायकल म्हणत नाहीत. तो बाजारहाट झाला." आणि थोड्या वेळाने, करंडकाकडे बघत, "तेव्हाही अशीच बसलीस."

तीस वर्षांत पहिल्यांदा!

मी उभीच राहिले. म्हटलं, "हो, बसले. का बसले ते विचारलंत कधी? मी दुसरी होते, बाबा. पहिली समोर दिसत होती. दमली होती ती. मी तिला गाठलं असतं. आणि गाठलं असतं तर पुढच्या रविवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. हरायची भीती नव्हती मला. जिंकेन म्हणून उतरले."

त्यांनी पुसलेलाच करंडक पुन्हा पुसायला घेतला. मला वाटलं, आता बोलतील.

"जाताना दार ओढून घे."

आपलेच दात, आपलेच ओठ. चावलं तरी सांगायचं कुणाला?

नाव मात्र मी काढून घेतलं. स्वतः जाऊन.


२५ फेब्रुवारी, मंगळवार

अकरा दिवस झाले. बाबांचा फोन नाही. या वेळी मीही केला नाही. आई गेल्यापासून बाबांना जेवणाचा डबा आमच्याकडून जातो, तो रोज नवरा नेऊन देतो.

"काय म्हणाले?"

"मीठ कमी म्हणाले."

"आणि?"

"आणि काय! डबा धुऊन देतो म्हणाले."


२ मार्च, रविवार

शहाऐंशी किलोमीटर, सिस्टरबरोबर. उतरल्यावर पायात पाय अडकत होते. गुडघा ठणकला, पण सुजला नाही. हिरवीला आता मी ओळखते – तिसऱ्या गिअरला कुरकुरते, माझ्यासारखीच, चढ सुरू व्हायच्या जरा आधी.

पुढच्या रविवारी मी जाणार. कुणी काही म्हणो.


९ मार्च, रविवार

संध्याकाळचे सहा. पाय टबात. नवरा गरम पाणी घालतोय. लिहिते.

पहाटे सत्तर-पंचाहत्तर जण होते. सगळ्या तऱ्हा! एक माणूस चक्क आडव्या सायकलवर, आरामखुर्चीत पडल्यासारखा. भूलवाली जाड टायर घेऊन आलेली, "सपाट रस्ता कसा असतो बघते" म्हणाली. वकीलसाहेब नव्हते. ते तिकडे पुरुषांच्या शर्यतीला. मला दोन मिनिटं तिकडचीच हुरहुर लागली, खोटं कशाला बोलू? माझं वय, माझी वेळ – पहिल्या तिघींत आलेच असते.

सत्तावीसपर्यंत भांडले. आज बाबांशी कमी, स्वतःशीच जास्त. मग विषय संपले.

साठला, म्हणजे अर्ध्यावर, पोचलो तेव्हा दहा वाजून पाच; परतीचा रस्ता वेगळा, घाटातला. वेळ भरपूर! सिस्टर म्हणाल्या, "ऐटीत आहात." आणि सत्त्याण्णवला, घाटाच्या पहिल्याच वळणावर, गुडघ्यात कळ. सुई नाही, खिळा!

दहा पायडल मारले. वीस मारले. दात आवळून मारले. मग डॉक्टरीणबाई आठवल्या. उतरले.

रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. सिस्टरना म्हटलं, "तुम्ही जा. तुमचं नाव जाईल." त्या खाली बसल्या आणि पिशवीतून विणकाम काढलं. "माझं नाव आधारकार्डावर आहे, पुरे झालं."

बसल्या बसल्या मला वाटलं होतं, आता ते सगळं भसाभस वर येणार. सतराची मी, ती धूळ, स्कूटरचा आवाज. आलं नाही. समोर डोंगराच्या अंगावर ढगाची सावली हळूहळू चढत होती. मी पाणी प्यायले. मला पुढे काय आहे ते बघायचं होतं. एवढंच! नऊ-दहा मिनिटांनी उठले आणि सायकल हातात धरून चालायला लागले. अडीच किलोमीटर. शेजारी सिस्टर, त्यांचीही सायकल हातात. मधे आडव्या सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि लवून नमस्कार करता करता खड्ड्यात गेला!

माथ्यावर पोचलो. वारा. पलीकडे सगळा उतार, वळणं घेत घेत थेट नदीपर्यंत. गुडघ्याला उतार चालतो! बसले आणि सोडली. दगडाकडे बघितलं नाही. किंचाळले – आज थोडं नाही, पोटातून. मागून सिस्टरही! त्रेसष्टाव्या वर्षी!

दोन बावन्नला पोचलो. बावीस मिनिटं उशिरा. टेबल गुंडाळत होते. यादी बंद. कुणीतरी केळं दिलं.

नवरा फाटकाशी उभा होता. दोन वाजल्यापासून. हातात पुस्तक, पण उलटं धरलेलं.


११ मार्च, मंगळवार

लॅबमधून सुटल्यावर आज डबा मीच नेला. सायकलवरूनच. बाबांनी दार उघडलं, माझ्याकडे आणि खाली हिरवीकडे बघितलं.

"किती वाजता पोचलीस?"

"दोन बावन्न."

"मुदत?"

"अडीच."

"म्हणजे नावच नाही यादीत."

"नाही."

"घाटात उतरलीस म्हणे. चाललीस." कोण यांना सांगतं देव जाणे!

"हो. अडीच किलोमीटर."

"मग तोंडभर हसतेयस कशाला?"

मला कळलंच नव्हतं हसतेय ते. म्हटलं, "मजा आली, बाबा."

वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत. मी एखादा अवघड शब्द वापरलाय आणि त्याचा अर्थ विचारायची लाज वाटतेय, तसे बघत राहिले. मग डबा घेतला आणि आत गेले. दार उघडंच ठेवलं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.


१४ मार्च, शुक्रवार

पॉलिशवालीने साधी सायकल घेतली. आज तीही पडली. थांबल्यावर!


१६ मार्च, रविवार

सकाळी सातला बेल. बाबा! तीन जिने काठी टेकत चढून आले. न सांगता ते आमच्याकडे कधी आलेले नाहीत. पाणी नको, चहा नको. खुर्चीच्या कडेवर बसले.

"कारखान्यात मला घेतलं ते शर्यतीसाठी," म्हणाले. "जिंकेन तोवर ठेवणार होते. घरात सात तोंडं. अठरा वर्षं चालवली. दर शनिवारी रात्री तुझी आई माझे हात धरून बसायची, इतके थरथरायचे. एकदाही मजा आली नाही गं. मला वाटायचं, कुणालाच येत नसणार. लोक उगाच म्हणत असणार."

नवरा हळूच उठून आत गेला.

बाबांनी काठी दोन्ही हातांनी धरली. मग मान वर करून मला विचारलं –

"कशी असते?"